पायापासून स्पॅनिश

आधीच सांगून ठेवते, चूक आमच्या ह्यांची होती. भाऊजी म्हणतात चूक पद्धतीची होती, सासूबाई म्हणतात चूक स्पॅनिशची होती. पण अख्खा कारखाना ज्यांच्यापायी एकाच काळात अडकून पडला ते माझे यजमान आहेत. त्यांच्याशी लग्न मी केलंय, तेव्हा बोलायचा हक्कही माझाच.

आम्ही पुतळे करतो. दुकानाच्या काचेमागे कपडे घालून उभे असतात ना, ते. प्लास्टिकचे नव्हेत, कागदाच्या लगद्याचे, हाताने केलेले. सासरे गेले, पण त्यांचे दोन नियम मागे राहिले. पहिला नियम, सुरुवात पायापासून. पाय सोपे, शिवाय ते बुटात जातात, थोडं इकडचं तिकडे झालं तरी कुणाला दिसत नाही. चेहरा सगळ्यात शेवटी. आणि दुसरा नियम, सगळे पुतळे एकदम पुढे जातात. खेपेतल्या प्रत्येकाचे पाय झाल्याशिवाय एकाच्याही मांडीला हात लावायचा नाही. सासऱ्यांच्या तरुणपणी म्हणे डोकी भरपूर झाली होती, माना करायच्या राहिल्या होत्या, आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्या दिवसाची दहशत आमच्या घरात अजून आहे.

साचे हे बघतात. कारभार धाकटे दीर, म्हणजे भाऊजी बघतात. थोरला असताना धाकट्याकडे कारभार का, ते पुढे तुम्हालाच कळेल. चेहरे मी रंगवते. माझ्या आधी सासूबाई रंगवायच्या. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश माझ्याकडे आला. ब्रश दिला, पण कौतुकाचा एक शब्द म्हणून दिला नाही. संध्याकाळ झाली की माझ्या टेबलाशी यायचं, चष्मा नाकावर चढवायचा आणि म्हणायचं, "डावी भुवई वाकडी." इतकी वर्षं झाली, मी एकही डावी भुवई सरळ काढलेली नाही म्हणे! उजव्या सगळ्या कशा काय जमल्या, देव जाणे.

तर धंदा बसत चालला होता. दुकानदार आता कपडे तारेच्या हँगरला टांगतात, बिनडोक्याच्या, बिनपायाच्या. त्यातच परदेशातल्या एका बाईंचा निरोप आला. त्यांची कपड्यांची दुकानं होती आणि त्यांना हाताने केलेले पुतळे हवे होते. ही ऑर्डर मिळाली तर कारखाना तरला, नाही तर शेड टायरच्या गोदामाला द्यायची, असं भाऊजींनी सरळ सांगून टाकलं. टायरवाला येऊन भिंती थोपटूनही गेला. खिडकीपाशी माझं टेबल आहे, उजेड बरोबर डाव्या खांद्यावरून येतो. तिथे उभा राहून तो म्हणाला, "इथे जुने रचू." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. उगाच खोटं कशाला बोलू? मला दुसरं काही येत नाही, आणि टायरना कुणी चेहरे काढून घेत नाही.

बाईंची अट एकच होती. ज्यांचे हात कामाला लागतात त्यांच्याशी मी माझ्या भाषेत बोलणार, मध्ये दुभाषा नको, फोन तर अजिबात नको. मागे कुठल्याशा कारखान्यात फोनने भाषांतर करून त्यांना सांगितलं होतं की तुमची डोकी उद्या उकळून पाठवतो. तेव्हापासून त्यांनी फोनचा धसका घेतला होता.

म्हणून भाऊजींनी स्पॅनिशचे मास्तर आणले. अंगाने काडी, स्वभावाने गाय. बांधणीच्या खोलीत एका बाजूला आम्ही बाकावर बसलो, दुसऱ्या बाजूला टकलू पुतळे उभे. मास्तरांनी खडू उचलला.

"आपण वर्तमानकाळापासून सुरुवात करू."

"सोपा आहे का तो?" भाऊजींनी विचारलं.

"सोपा असा नाही. क्रियापदं बरीच वाकडीतिकडी होतात."

"मग सगळ्यात सोपं काय?"

मास्तर गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणूस प्रामाणिक पडला. म्हणाले, "सगळ्यात सोपा अपूर्ण भूतकाळ. म्हणजे आपण म्हणतो ना, करायचो, गायचो, राहायचो, तसा. नियमित क्रियापदं घेतली तर दोनच शेपट्या. 'आर'ने संपणाऱ्यांना 'आबा' लावायचं. 'एर' आणि 'ईर'ने संपणाऱ्यांना 'ईआ'. रंगवणं म्हणजे पिंतार, मी रंगवायचे म्हणजे पिंताबा. खाणं म्हणजे कोमेर, मी खायचो म्हणजे कोमीआ. झालं, संपलं."

"हेच पाय!" भाऊजी बाकावरून उठले. "इथूनच सुरू करायचं."

"अहो, पण यात फक्त पूर्वी काय चालायचं तेवढंच सांगता येईल."

"पूर्वी चालायचं ते तर सांगू! मांड्या, पोट, डोकं सगळं मागनं येईलच की."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली. आमच्याकडे या बाबतीत कुणी काही बोलत नाही.

आणि खरं सांगू? मजा यायला लागली. लगदा कालवणारे काका दिवसभर कालवता कालवता "त्राबाखाबा, त्राबाखाबा" म्हणायचे, म्हणजे मी काम करायचो, मी काम करायचो. त्यांचा हात चालूच असायचा आणि तोंडाने म्हणायचे करायचो. पण सगळ्यांवर कडी केली सासूबाईंनी. ज्या बाईला मराठीत सरळ उत्तर देणं कमीपणाचं वाटतं, ती बाई स्पॅनिशमध्ये सुटली ती सुटलीच. नवरा गायचा. मी ऐकायचे. आम्ही हसायचो. मी रंगवायचे. मास्तर रुमालाने डोळे टिपायचे आणि म्हणायचे, "आजी, तुम्ही पुढच्या वर्गात जायला हवं." सासूबाई म्हणायच्या, "पुढे काय आहे? मला सांगायचंय ते सगळं इथेच आहे."

अडले ते हे.

'आबा' त्यांना जमलं. पिंताबा, त्राबाखाबा, सगळं खणखणीत. पण एकदा तोंडात 'आबा' बसलं ते कायमचं. मास्तर म्हणाले, "कोमेर. मी खायचो?"

हे म्हणाले, "कोमाबा."

"कोमीआ."

"तेच ते. कोमाबा."

मी घरी किती जीव काढला! ताट समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "म्हणा कोमीआ, मग घास उचला." कोमीआ म्हणायचे, पोटभर जेवायचे, हात धुवायचे, आणि मी विचारलं, काय केलंत, की टॉवेलला हात पुसत म्हणायचे, "कोमाबा." शेवटी मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अहो, तुमच्या डोक्यात मेंदू आहे की लगदा?" तर म्हणाले, "लगदाही वाळायला वेळ घेतोच की गं." आता अशा माणसाशी काय भांडायचं!

आणि सगळे पुतळे एकदम पुढे जातात. सासूबाई तयार, मी तयार, काका तयार, पण थोरल्याची 'ईआ' झाल्याशिवाय वर्ग वर्तमानकाळात जाणार नाही. मास्तरांनी हात जोडले, "अहो, बाई कधीही येऊन ठेपतील. बाकीच्यांना तरी पुढे नेऊ द्या." भाऊजी ढिम्म. म्हणाले, "बिनमानेची डोकी मला परवडायची नाहीत." महिने गेले, आम्ही आपले तिथेच. कोमाबा, कोमीआ. कोमाबा, कोमीआ. शेवटी ओरडून ओरडून मास्तरांचा घसा बसला, ताप चढला, आणि ते अंथरुणाला खिळले. नेमक्या त्याच दिवशी निरोप आला की बाई उद्या येताहेत.

मी देव पाण्यात ठेवले. भाऊजी मात्र खूश. म्हणाले, "वहिनी, घाबरता काय? फाडफाड बोलतो आपण."

बाई आल्या. उंच, वयाने बऱ्याच मोठ्या, डोक्यावर निळी टोपी, हातात कागदांची जाड फाइल. दारातच भाऊजी खाली वाकले आणि म्हणाले, "एस्पेराबामोस!" म्हणजे आम्ही वाट बघायचो. बाईंचा चेहरा खुलला. त्या भराभर काहीतरी बोलल्या. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण तुम्ही काय करता, हेच गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारणार, असं भाऊजींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी छाती पुढे काढली. "बेंदीआमोस!" आम्ही विकायचो. "त्राबाखाबामोस!" आम्ही काम करायचो.

बाई थबकल्या. मग माझ्याकडे वळून, ब्रशकडे बोट दाखवून काही विचारलं. मी पाठ केलेलं सांगून टाकलं, "पिंताबा." मी रंगवायचे. काकांनी घमेल्यातून हात वर काढला, कोपरापर्यंत लगद्याने भरलेला, आणि आनंदाने सांगितलं की मी काम करायचो. भाऊजींनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे हात केला. "कांताबा!" ते गायचे. एवढं एक खरं होतं.

कोपऱ्यातून हे ओरडले, "कोमाबा!"

बाईंनी टोपी काढली. भाऊजी माझ्या कानात म्हणाले, "बघितलंत? मान देताहेत."

बाई आता हळू पावलांनी चालायला लागल्या. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा त्यांनी आवाज खाली आणला. वाळवणीच्या खोलीत आमचे पुतळे ओळीने उभे होते, पांढरेफटक, टकलू, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. त्यांच्यासमोर बाई कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग फाइल बंद केली, तिची नाडी बांधली, आणि माझ्यापाशी येऊन माझा खांदा दाबला. तो दाब मी ओळखला. सासरे गेले तेव्हा येणारीजाणारी बाईमाणसं माझा खांदा असाच दाबायची.

"अगं बाई!" मी ओरडलेच. "भाऊजी, या सांत्वन करताहेत आपलं!"

"कशाबद्दल?"

"आपण मेल्याबद्दल! आल्यापासून आपण काय सांगतोय यांना? विकायचो, रंगवायचो, काम करायचो. कारखाना कधीच बंद पडला असं वाटतंय त्यांना!"

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. "मग 'आता करतो' कसं म्हणायचं?"

"ते मांडीत आहे," मी म्हटलं. "आपण अजून पायात आहोत."

बाई दाराकडे निघाल्या होत्या. कारखान्यातल्या सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. हे आपल्या चपलांकडे बघत राहिले. मग घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "कोमीआ."

अगदी शुद्ध! मास्तर असते तर नाचले असते. मला मात्र ह्यांना त्याच घमेल्यात बुडवावंसं वाटलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तशीच हातात उतरली. फळीवरून सासऱ्यांच्या त्या फसलेल्या खेपेतलं उरलेलं एक डोकं उचललं. नुसतंच डोकं. त्याला मान नाही, धड नाही, पाय तर साच्यातसुद्धा गेले नव्हते. माझ्या टेबलावर आदळलं आणि ब्रश रंगात बुडवला. "वहिनी, पाय!" भाऊजी किंचाळले. "घरात कुणी असं केलेलं नाही!" मी म्हटलं, "घर राहील तेव्हा बोला." आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पिंताबा!"

बाई वळल्या. मी भुवई ओढली. "पिंताबा!" दुसरी ओढली. डोळ्याची वरची रेघ काढली, मग पापण्या, एकेक. रागाने माझे कान तापले होते. रंगवायचे काय, बघा, ही रंगवतेय, अजून रंगवतेय! पण त्याला शब्द नव्हता माझ्याकडे. बाई टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या. चेहरा कोराच. एखादी बाई जुन्या कामाची आठवण काढून दाखवते आहे, असंच त्यांना वाटत असणार. माझे डोळे भरून आले आणि पुतळ्याचा एक डोळा मला दोन दिसायला लागला.

तेव्हा सासूबाई खुर्चीतून उठल्या. टेबलाशी आल्या, चष्मा नाकावर चढवला. मी मनात म्हटलं, आता इथेही म्हणा, डावी भुवई वाकडी. तेवढंच बाकी आहे.

त्या माझ्याकडे बघितल्याच नाहीत. आपले दोन्ही हात त्यांनी बाईंच्या समोर धरले. बोटं थरथरत होती, नेहमी थरथरतात तशी. आणि बोलायला लागल्या, स्पॅनिशमध्ये, एकेक शब्द नीट जागेवर ठेवत. मी रंगवायचे, त्या म्हणाल्या. ही बघायची. मी ओरडायचे. ही रडायची. मग एक मोठा श्वास घेतला. ही माझ्याहून चांगलं रंगवायची. "यो साबीआ," त्या म्हणाल्या. मला ठाऊक असायचं.

माझा ब्रश हवेतच राहिला.

मी बरोबर ऐकलं होतं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलं, कारण त्या वर्गात एवढंच तर सगळे शिकलो होतो. काकांनी कालवायचं थांबवलं. ह्यांच्या तोंडाचा आ वासला. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी मी संध्याकाळी टेबलाशी मान खाली घालून उभी राहिले ते वाक्य सासूबाईंनी एका परक्या बाईला सांगितलं, परक्या भाषेत, आणि तेही मी गेल्यासारखं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

बाईंनी सासूबाईंच्या थरथरत्या हातांकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. माझ्या ब्रशच्या टोकावरून रंगाचा थेंब टेबलावर पडला, त्या थेंबावर त्यांनी बोट टेकवलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेलं. ओलं होतं ते. त्या काकांच्या घमेल्याकडे गेल्या आणि त्यात हात घातला. लगदा कोमट होता. साच्यावर हात ठेवला. मग सासूबाईंकडे वळल्या आणि मोठ्यांदा हसल्या, अगदी पोट धरून. हसता हसता म्हणाल्या, "मी माद्रे ग्रिताबा!"

"त्यांची आईपण ओरडायची!" हे आनंदाने ओरडले. सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग काय, बाई आमच्यात बसल्या, टोपी पुतळ्याच्या डोक्यावर ठेवली आणि बोलत सुटल्या. आई शिवायची. आम्ही टाचण्या वेचायचो. ती चुका काढायची. मी रडायचे. आम्हाला सगळं कळत होतं, शब्द न शब्द. सासूबाई मध्येच मान डोलवायच्या आणि आपलं एखादं वाक्य सोडायच्या. जगभरच्या सासवांनी आणि आयांनी सुनांना आणि मुलींना किती छळलं असेल त्याचा दोघी म्हाताऱ्यांनी मिळून हिशेब मांडला आणि दोघी हसून लाल झाल्या.

शेवटी बाईंनी फाइलची नाडी सोडली आणि कामाचं बोलायला लागल्या. लगेच आमचे चेहरे पुन्हा कोरे. पण त्यांनी वाळवणीच्या खोलीतल्या ओळींकडे हात केला, मग दोन्ही हात पसरून अशा आणखी, आणखी, आणखी ओळी दाखवल्या, आणि भाऊजींपुढे पेन धरलं. ते कळायला काळ लागत नाही. भाऊजींनी सही केली आणि तिथेच जमिनीवर बसले. जाताना बाईंनी माझं ते डोकं रुमालात गुंडाळून नेलं. मान नसलेलं, पाय नसलेलं. आमच्या कारखान्यातून असं पहिल्यांदाच काही बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याला भाऊजींनी दारातूनच वाटेला लावलं. मास्तर घशाला मफलर गुंडाळून आले, सगळं ऐकलं आणि बाकावर मटकन बसले.

संध्याकाळी सासूबाई माझ्या टेबलाशी आल्या. समोर नवा चेहरा होता, अजून ओला. मी धीर केला.

"आई, काल तुम्ही बाईंना जे म्हणालात..."

"काय म्हणाले?"

"तेच. मी तुमच्याहून..."

"ते स्पॅनिश होतं," त्या म्हणाल्या. "त्याचा इथे काय संबंध?" चष्मा नाकावर चढवला, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "डावी भुवई वाकडी."

"साबीआ," मी म्हटलं.

त्यांनी झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. पण खिडकीला काच आहे, आणि काचेत त्या हसत होत्या. मी ब्रश पुसला आणि पुढचा चेहरा घेतला.